वर्षअखेरीची पुस्तकजमा आणि सुट्टीतलं वाचन

शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं परत घेण्याची शेवटची तारीख परीक्षा संपण्याच्या निदान दोन आठवडे आधी ठेवा. शेवटचा पेपर झाला की मुलं पांगतात. थकबाकीची यादी वर्गवार काढून वर्गशिक्षकांकडे द्या.

साठा पडताळणीला दोघं हवेत: एकाने फळीच्या क्रमाने दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात आलं तेव्हा त्याला दिलेला क्रमांक) वाचायचा, दुसऱ्याने दाखल नोंदवहीत खूण करायची. न सापडलेलं पुस्तक लगेच ‘गहाळ’ लिहू नका. बऱ्याचदा ते चुकीच्या वर्गांकाखाली (विषयानुसार दिलेल्या क्रमांकाखाली) किंवा इतर पुस्तकांच्या मागे सरकलेलं असतं. बुरशी आलेली पुस्तकं मात्र तत्काळ वेगळी करा, बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते. फाटक्या पानाला साधी चिकटपट्टी नको. ती पिवळी पडते, गोंद कागदात मुरतो आणि पान आणखी खराब होतं. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा.

सुट्टीसाठी पडताळणी झालेलीच पुस्तकं द्या, प्रत्येकी तीन ते पाच. मालिका असेल तर पुढचा भागही सोबत द्या. निवड मुलांचीच असू दे, आणि कृपा करून सारांश लिहायला लावू नका; त्यानेच वाचन गृहपाठ होतं. परतीची तारीख शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली ठेवून पुस्तकातल्या तारीखपत्रावर नोंदवा. शाळा सोडणाऱ्या वर्गाला सुट्टीसाठी पुस्तकं देऊ नका.