कृपादानांची पारख करताना या चुका टाळा

प्रेषित पौलाने इ.स. 55 च्या सुमारास इफिसहून करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहिलं. तुम्ही कोणत्याही कृपादानात, म्हणजे आजारी बरे करणं, देवाचा संदेश देणं, अन्य भाषा बोलणं अशा पवित्र आत्म्याच्या देणगीत, उणे नाही, हे त्याने पहिल्याच अध्यायात मान्य केलं. आणि त्याच मंडळीत भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असे गट पडले होते, प्रभुभोजनाच्या वेळी कोणी पिऊन तर्र तर कोणी उपाशी अशी अवस्था होती.

म्हणून पहिली चूक ही: कृपादान दिसलं की माणूस पवित्र आहे असं धरून चालणं. एखाद्याच्या प्रार्थनेने आजारी बरे होतात, तेव्हा त्याच्या घरात, पैशाच्या व्यवहारात, बायकोशी वागण्यात काय चाललंय हे विचारायला आपण कचरतो. येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात अशाच लोकांविषयी सांगितलंय. त्यांनी त्याच्या नावाने संदेश दिले, भुतं घालवली, अद्भुत कामं केली, आणि त्यांना उत्तर मिळालं, ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती.’ झाड फळांवरून ओळखायचं, असं तो त्याच्या थोडंच आधी म्हणाला होता. प्रीती, सहनशीलता, इंद्रियदमन या फळांना वेळ लागतो. नव्याने आलेल्या, दोन सभांतच गाजलेल्या सेवकाच्या हाती मंडळी सोपवण्याआधी तेवढा वेळ जाऊ द्यावा.

‘प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितलं’

सगळ्यात जास्त घरं इथे मोडतात, म्हणून यावर जरा थांबतो. एक मुलगी प्रार्थनासभेत पुढे येते. बाहेरगावाहून आलेले सेवक तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि माईकवर, सगळ्यांसमोर सांगतात: ‘प्रभू म्हणतो, आलेलं स्थळ माझ्याकडून आहे, नाही म्हणू नकोस.’ आई रडते, मंडळी ‘हालेलुया’ म्हणते. आता ती मुलगी नाही कशी म्हणणार? तिने मुलाची चौकशी केली तरी ती अविश्वासू ठरते. सेवक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघून जातात आणि लग्न तिला निभवायचं असतं.

करिंथच्या पत्राच्या 14 व्या अध्यायात पौलाने संदेश देणाऱ्यांसाठी मर्यादा घातली: दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी. संदेश आला की काम संपलं असं नाही, तिथून मंडळीचं काम सुरू होतं. वरच्या प्रसंगात ही दुसरी पायरी कोणी केलीच नाही.

पारख कशी करायची? प्रेषितांची कृत्ये 21 मध्ये अगब संदेष्ट्याचं उदाहरण आहे. त्याने पौलाचा कमरपट्टा घेतला, स्वतःचे हातपाय बांधले आणि सांगितलं की या पट्ट्याच्या धन्याला यरुशलेमात असंच बांधतील. ऐकणारे सगळे रडू लागले, पौलाला जाऊ नको म्हणाले. पौल गेला. अगबाने त्याला अडवून शाप दिला नाही, अवज्ञा केलीस असं म्हटलं नाही. जे होणार ते त्याने सांगितलं आणि निर्णय पौलाचा राहिला. मोठ्या प्रेषितापाशी जी मर्यादा पाळली गेली, ती गावातल्या वीस वर्षांच्या मुलीपाशी का पाळू नये?

संदेश वैयक्तिक असेल तर तो मंडळीचे पाळक आणि दोन-तीन जाणत्या वडीलधाऱ्यांसमोर द्यायला सांगा, तारीख घालून वहीत लिहा. शास्त्राशी जुळतो का ते पाहा. सांगणाऱ्याला त्यातून पैसा, मान किंवा सोयरीक मिळते का तेही पाहा. लग्न, नोकरी सोडणं, जमीन विकणं यांबाबत फक्त एका माणसाच्या शब्दावर पाऊल उचलू नका. ज्याला खरोखर प्रभूकडून काही मिळालंय त्याला थांबायची भीती वाटत नाही. ‘आत्म्याने भरून आलं, मला आवरलंच नाही’ हे कारणही चालत नाही, कारण संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात असं त्याच अध्यायात लिहिलंय.

आणि संदेश खोटा ठरला तर? बायबलच्या अनुवाद या पुस्तकाचा 18 वा अध्याय सांगतो की जे घडलं नाही ते परमेश्वर बोलला नव्हता. त्या माणसाने जिथे सांगितलं तिथेच, त्याच लोकांसमोर, चुकलो म्हणावं. जो असं म्हणतो त्याचं पुढे ऐकायला हरकत नाही. जो तारखा पुढे ढकलत राहतो त्याला माईक देऊ नये.

‘गोळ्या बंद कर, विश्वास ठेव’

ही चूक जीव घेते. टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर आजार औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. ज्यांचं इन्सुलिनवरच भागतं, त्यांना ते बंद केल्यावर धोका काही दिवसांतच उभा राहतो. बरं करणारा देव आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर हे खपवलेलं बघवत नाही.

येशूने कुष्ठरोग्यांना बरं केलं तेव्हा त्यांना सांगितलं, याजकाला जाऊन दाखवा. नियमशास्त्राप्रमाणे शुद्ध झाल्याचा निर्णय याजक तपासून देत असे. स्वतः प्रभूने बरं केलेला माणूस तपासणीला गेला, तर आपण साक्ष देण्याआधी रक्त तपासून घेण्यात अविश्वास कसला? बरं वाटलं, देवाचे आभार माना, डॉक्टरांकडे जा, औषध कमी करायचं असेल तर ते करतील.

त्याहून वाईट वाटतं ते बरं न झालेल्यांना दिलेलं उत्तर ऐकून: ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी असतानाच मिलेत गावी मागे ठेवलं, तरुण सहकारी तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली तेव्हा त्याला मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ यांतला कोण कमी विश्वासाचा होता? छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत तर येशूने त्याला आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला. बिछान्यावर पडलेल्याच्या छातीवर हा दगड ठेवू नका.

दुष्टात्मा काढण्याच्या नावाखाली मारणं, केस ओढणं, उपाशी ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या निमित्ताने इजा करणाऱ्याला महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. फिट येणाऱ्या मुलाला आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. कॅथलिक चर्चमध्ये तर बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही याजकाला भूतबाधेचा विधी करता येत नाही. बाकीच्या मंडळ्यांनीही निदान दोन जबाबदार माणसं आणि घरचं कोणीतरी हजर असल्याशिवाय अशी प्रार्थना करू नये. समोर स्त्री असेल तर हे जास्तच पाळावं.

अन्य भाषांबाबत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याबाबत, थोडक्यात. ‘सगळेच भाषा बोलतात काय?’ असं पौल विचारतो, आणि उत्तर ‘नाही’ हेच अपेक्षित आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठी आत्मिक जागृती झाली, पुढे तिथे लोक अन्य भाषांतही बोलले. रमाबाईंनी ते दडपलं नाही. पण भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे माणूस आत्म्याने भरल्याची, खूण असं त्यांनी मानलं नाही, खरी खूण प्रीती आहे असं म्हटलं. तरुणांना रांगेत उभं करून अमुक शब्द भरभर म्हणायला लावणारे त्यांच्यापासून काही शिकतील तर बरं. सभेत अर्थ सांगणारा नसेल तर भाषा बोलणाऱ्याने गप्प राहून देवाशी बोलावं, हा नियमही करिंथच्या पत्राच्या 14 व्या अध्यायात आहे.

पैशाची कसोटी मंडळीने फार लवकर ठरवली होती. ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या काळातल्या पुस्तिकेत म्हटलंय की आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नका. गरजू माणसासाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करू नका. ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या,’ असं येशूने शिष्यांना बजावलं होतं. सेवकाला पगार, प्रवासखर्च देणं रास्तच आहे. पण विशेष प्रार्थनेचा दर, अभिषेकाच्या तेलाची बाटली विकत, ‘बी पेरा (म्हणजे दान द्या), कर्ज फिटेल’ असं कर्जबाजारी माणसाला सांगणं, हा आत्म्याचं दान पैसे देऊन विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोन जादूगाराचाच धंदा, फक्त उलट बाजूने.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग दारच बंद करू. तीही चूकच. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने एकापाठोपाठ एक सांगितलं: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते धरा. फसवणूक झाल्यावर काही मंडळ्या इतक्या घाबरतात की आजाऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायलाही संकोचतात. आणि करिंथच्या पत्रातल्या दानांच्या यादीत अद्भुत कामांच्या शेजारीच मदत करणं आणि व्यवस्था पाहणं हीही दानं आहेत. रोमच्या पत्रात दया करण्याचंही दान आहे. दर रविवारी सतरंज्या घालणाऱ्या, मयताच्या घरी डबा नेणाऱ्या बहिणीला आपण कृपादान आहे असं कधी म्हणतो?

शेवटची अडचण अशी की प्रश्न विचारला तर ‘माझ्या अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्या माणसाला) हात लावू नका’ हे बायबलचं वचन तोंडावर फेकलं जातं. स्तोत्र 105 उघडून पाहा. तिथे देव राजांना बजावतोय की परदेशात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोबांना इजा करू नका. मंडळीने पाळकाला हिशेब विचारू नये असं त्यात काही नाही. दाविदाने जिवावर उठलेल्या अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही हे खरं, पण गुहेतून बाहेर येऊन त्याने शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरला आणि शौलाला त्याच्या सैन्यासमोर विचारलं की तू माझ्या मागे का लागला आहेस. तुम्हीही विचारा. आधी एकट्याने, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीसमोर, मत्तय 18 प्रमाणे. वही आणि पावत्या बरोबर ठेवा. कोणाला इजा झाली असेल किंवा पैशाची फसवणूक असेल, तर या पायऱ्यांसाठी थांबू नका, पोलीस ठाण्यात जा.