"लागलं नाही ना रे?": मंत्रचळाच्या पेशंटच्या घरात आम्ही केलेल्या चुका

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. ओसरल्यावर अर्धी सांगली घासायला बसली होती. खराटे, फिनेल, भिंतींवरचा चिखल. गणपती गेले, दिवाळी आली, बाकीच्यांचं घासणं थांबलं. काकूचं थांबलं नाही. पुढच्या मार्चमध्ये कोरोना आला आणि सरकारच हात धुवा म्हणायला लागलं. मग तिला कोण काय बोलणार?

पुराचं निमित्त हाताशी होतं, म्हणून आजार दिसलाच नाही. पुढे डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की लग्नाआधीही ती दाराची कडी चारचारदा बघायची. ओसीडी, ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं. तो बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि ताण आला की तो भडकतो. कुणाच्या संस्कारांचा किंवा देवाच्या कोपाचा त्यात काही संबंध नाही. (अंगारा आम्हीही आणला होता. काकूनं त्याची पुडी बाहेरून धुतली.)

"तिला स्वच्छतेची आवड आहे"

आवड असलेल्या माणसाला काम झालं की बरं वाटतं. काकू मोरीतून उठायची ती रडवेली होऊन. नको ते विचार आणि त्यापायी केलेल्या कृती दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ खातात का, नाहीतर त्यांच्यामुळे कामं आणि नाती अडतात का, हे डॉक्टर बघतात. काकूचे सकाळचे तीन तास जायचे. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, त्यांत ती हळद भरायची, आणि मग ती हळद नीट निघावी म्हणून परत नळ.

सगळ्यांचा मंत्रचळ नळाशी नसतो. कुणी गॅसचा रेग्युलेटर बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येतं. कुणाच्या मनात देवापुढे हात जोडले की शिव्या येतात. एखाद्या बाळंतिणीला वाटतं, आपल्या हातून बाळाला इजा होईल. कुणी मनातल्या मनात आकडे मोजतं किंवा जप करतं, आणि घरच्यांना पत्ताही नसतो. अशी माणसं लाजेपायी वर्षानुवर्षं गप्प राहतात. असा विचार येणं म्हणजे तशी इच्छा असणं नव्हे. तो विचार मुळीच नको असतो, म्हणूनच माणूस एवढा हादरतो.

धीर देणं

सगळ्यात महाग पडली ती ही चूक, आणि ती मीच सगळ्यात जास्त केली. "लागलं नाही ना रे?" काकू दिवसातून पन्नासदा विचारायची. लागलं म्हणजे घाण. मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचो, "नाही गं." तिला दोन मिनिटं बरं वाटायचं, मग परत तेच. प्रत्येक "नाही गं" बरोबर तिच्या मनात एवढंच पक्कं होत गेलं, की खात्री करून घेतल्याशिवाय सुटका नाही. बाहेरून आलं की आम्ही दारातच कपडे बदलायचो. काकांनी तर वेगळी टाकी बसवून दिली. सांभाळून घेणं म्हणत होतो आम्ही त्याला.

याच्या उलटी चूकही घरात झाली. एकदा काकांनी वैतागून टाकीचा कॉकच बंद केला. काकू रात्रभर कोरड्या मोरीत बसून राहिली. जबरदस्तीनं काही सुटत नाही. काय कमी करायचं ते पेशंटशी बोलून, त्याच्या संमतीनं ठरवावं लागतं.

"विचारच करू नकोस" हेही तसंच निरुपयोगी. औषध पिताना माकड आठवायचं नाही म्हटलं की माकडच समोर येतं.

नुसत्या गप्पांचं समुपदेशन

मिरजेला कर्नाटकातून पेशंट येतात. आम्ही आठ-दहा किलोमीटरवर राहून दोन वर्षं गेलो नाही. आधी एकांकडे गेलो, तिथं दीर्घ श्वास आणि सकारात्मक विचार यांवर सहा बैठकी झाल्या. नंतर समजलं, विचारायचं होतं ते एवढंच: "तुम्ही ईआरपी करता का?" ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, अशी ही पद्धत. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी 1966 साली ती पहिल्यांदा मांडली, आणि आजही बोलण्याच्या उपचारांत ओसीडीसाठी सगळ्यात भक्कम पुरावा तिचाच आहे.

शेवटी ईआरपी करणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी काकूकडून भीतीची शिडी लिहून घेतली, शून्य ते शंभर. सगळ्यात वर रस्त्यावरचा चिखल, तळाला रोजचा पेपर. पहिल्या दिवशी काकूनं पेपर हातात धरला आणि दहा मिनिटं हात न धुता ओसरीवर बसली. मी घड्याळ घेऊन शेजारी. तिसऱ्या मिनिटाला आलाच प्रश्न: "लागलं नाही ना रे?" मॅडमनी शिकवलेलं उत्तर मी दिलं, "मला माहीत नाही काकू. बघू." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला भर पुरात सोडून दिलं. सातव्या मिनिटाला तिचा श्वास जरा उतरला. दहा झाल्यावर ती म्हणाली, "अजून दोन मिनिटं बसू."

गोळ्या मध्येच सोडणं

दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून काका गोळ्या बंद करायला निघाले होते. ओसीडीत फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन अशी औषधं देतात, आणि त्यांचा डोस उदासीनतेला लागतो त्याहून बहुधा जास्त असतो. पुरेशा डोसवर आठ ते बारा आठवडे थांबल्याशिवाय निकाल लावू नये. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. तरुण मुलांमध्ये या दिवसांत आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडल्या तर त्रास होतो. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर त्या चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानंच हळूहळू कमी करतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी हा यावरचा इलाज नाही.

"लग्न करून द्या, आपोआप सुटेल" यावर काही लिहीत नाही.

खासगीत खर्च झेपत नसेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात जा. जायची हिंमत होत नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि परत त्रास सुरू झाला म्हणजे सगळं फुकट गेलं, असं धरून बसू नका. आयर्विनला पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की काकू आजही मोरीत जास्त वेळ थांबते. मग बाहेर येऊन स्वतःच जुनी वही काढते आणि शिडीची खालची पायरी शोधते. पेपर आता शिडीवर नाही. रोज सकाळी माझ्याआधी तीच वाचून काढते.