खान्देशात सायकलने ड्युटीवर जायचं असेल तर आधी ऊन बघा, सायकल नंतर

सायकलने कामावर जायचं ठरवलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, कोणती घेऊ, गिअरवाली की साधी, किती हजाराची. मी म्हणतो सायकल शेवटी बघा भो, आधी घड्याळ बघा आणि आपलं काम घरापासून कोणत्या दिशेला आहे ते बघा. आपल्याकडे चढ नाही म्हटलं तरी चालेल, जळगाव-भुसावळ पट्टा सगळा तापीकाठचा सपाट, सात-आठ किलोमीटर म्हणजे निवांत चालवली तरी अर्धा तास, पायाला काहीच होत नाही. खान्देशात माणूस सायकल सोडतो ती एक तर उन्हामुळे किंवा काट्यांमुळे, हे दोन सांभाळले की बाकी सगळं आपोआप जमतं.

दिशेचं सांगतो. जळगावात बरीच वस्ती गावाच्या पश्चिमेला, पिंप्राळा, शिव कॉलनी वगैरे, आणि एमआयडीसी अजिंठा चौफुलीच्या अंगाला म्हणजे पूर्वेकडे. म्हणजे सकाळी जाताना सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी येतानाही तोंडावरच, दोन्हीकडून मार. आपल्या डोळ्यांना त्रास होतो तो गॉगलने भागतो, पण खरी भीती मागून येणाऱ्याची आहे, त्याच्याही डोळ्यांवर तोच सूर्य राहतो आणि त्याला समोरची सायकल दिसतच नाही, नुसता चकाकता रस्ता दिसतो. थंडीत हे जास्त. डिसेंबरात सूर्यच सात वाजेच्या आसपास उगवतो, म्हणजे नऊच्या शिफ्टला आपण सव्वाआठला निघालो की तो बरोबर ट्रकवाल्याच्या काचेत. मडगार्डला रेडियम चिकटवलंय म्हणून निर्धास्त राहू नका, रेडियम रात्री हेडलाइट पडल्यावर चमकतं, उन्हात त्याचा उपयोग शून्य. मागे लाल ब्लिंकर लावा आणि दिवसाही चालू ठेवा, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्या वेळेला हायवेवर जाऊच नका.

कारण हायवे म्हणजे ५३ नंबरचा, पूर्वीचा ६, सुरत-धुळे-जळगाव-नागपूर. ट्रेलर, टँकर, रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेल्या गाड्या, सगळं त्याच्यावर. गाडीवर आपण पाच मिनिटं वाचवायला हायवे धरतो, तीच सवय सायकलवर लागू करायची नाही. एखाद्या रविवारी सकाळी घरातून निघा आणि कॉलन्यांमधून, शाळेच्या मागून, जिथून रिक्षावाले शॉर्टकट मारतात तिथून जाऊन बघा, एखादा किलोमीटर जास्त पडेल पण निम्मा टाइम सावली मिळेल. चौफुलीवर उजवीकडे वळायचं असेल तर मधल्या लेनमध्ये घुसून हात दाखवत बसू नका, डावीकडेच खाली उतरा, सायकल हातात घ्या आणि पायी चालणाऱ्यांबरोबर पलीकडे जा. लाज कसली त्यात.

कापसाच्या दिवसात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं ते पार जानेवारीपर्यंत, जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून लांब राहा. माल दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, मागे लाइट नसतो आणि ओव्हरटेक करताना ट्रॉली किती रुंद आहे याचा अंदाज ड्रायव्हरलाच नसतो. तो मागून येतोय कळलं की साइडपट्टीवर उतरून त्याला जाऊ द्या. ऊसवाल्यांच्या डबल ट्रॉलीचंही तेच.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो हे काही कोणाला सांगायला नको. पण उन्हाळ्यात सायकल बंद करायची गरज नाही, फक्त वेळ हलवायची. मे अखेरीस पावणेसहाला उजाडतं, सातची फर्स्ट शिफ्ट असेल तर सकाळ एकदम मस्त, थंड हवा, रस्ता मोकळा. प्रॉब्लेम परतीचा. तीन वाजेला सुटणाऱ्यांनी त्या वेळेला सायकल काढायचीच नाही, हे मी ठामपणे सांगतो, कितीही स्टॅमिना असू द्या. सुपरवायझरला सांगून शेडमध्ये, कॅन्टीनमध्ये साडेपाच-सहापर्यंत थांबा, नाही तर सायकल तिथंच लॉक करून रिक्षाने घरी या आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मागे बसून जा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला की मी तर सांगतो सरळ आठ-दहा दिवस सुटी द्या सायकलला, कोणी बक्षीस देणार नाहीये.

अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, फिका रंग. ती टाइट पॉलिस्टरची जर्सी एसी जिममध्ये ठीक, आपल्या उन्हात हात भाजून निघतात. डोक्याला सुती रुमाल ओला करून, पिळून, कान झाकतील असा बांधायचा आणि त्याच्यावर हेल्मेट, हेल्मेटला पाठीमागे जो फिरवायचा चाक असतो तो थोडा ढिला करा म्हणजे बसतं. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, आजी खूश होते, पण भरवसा पाण्यावर ठेवा. पाणी तहान लागल्यावर नाही, निघण्याच्या आधीच प्यायचं, आणि पोहोचल्यावर परत. नुसतं पाणी पिऊन पायात गोळे येत असतील तर घरचं ओआरएस करा, एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, मीठ अंदाजपंचे वाढवू नका. ताकही चालतं. आणि हे लक्षात ठेवा, घाम येतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. डोकं ठणकायला लागलं, मळमळ झाली, चक्कर आली की तिथंच सावलीत उतरा, अंगावर पाणी ओता. आणि घाम थांबून अंग तापलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सायकल रस्त्यावर टाकून दवाखाना गाठायचा, घरी जाऊन पडू वगैरे काही नाही.

मे-जूनमध्ये संध्याकाळचा वारा पश्चिमेचा राहतो, तो पण परतीला तोंडावरच. धुळ्याकडच्या लोकांना तर सांगायलाच नको, साक्रीच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगीच नाही लावल्या. वाऱ्याशी भांडू नका, गिअर हलका टाका, साधी सायकल असेल तर स्पीड सोडून द्या आणि घरी दहा मिनिटं उशिरा पोहोचा.

काट्यांचं आता जरा नीट सांगतो कारण यातच लोकांचा जीव जातो. आपल्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ, शेतरस्त्याला साधी बाभूळ, आणि पावसाळा संपला की मोकळ्या प्लॉटांवर गोखरू. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसतो, त्याचं टोक आत तुटून राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुकानवाला ट्यूब काढतो, पाण्यात बुडवतो, बुडबुडा दिसला की पॅच मारतो, ट्यूब परत आत, दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा गायब, आणि आपण म्हणतो पंक्चर नीट काढलं नाही. पंक्चर नीटच काढलेलं असतं, काटा आत तसाच असतो. म्हणून टायर रिंगवरून उतरला की कापसाचा बोळा घ्या, आपल्याकडे कापसाला काय तोटा, आणि टायरच्या आतून गोल फिरवा, पूर्ण चक्कर. जिथं टोक असेल तिथं तंतू अडकतात. मग बाहेरून वाकवून, पक्कडने किंवा नखाने ते टोक काढा आणि बोळा उलट्या दिशेने परत एकदा फिरवा, कारण तिरपा घुसलेला काटा एका बाजूने सापडत नाही. बोट फिरवून बघू नका, बोटात जातो आणि तो पिकतो.

पंक्चर घरी काढणं अवघड नाही. दोन टायर लिव्हर, काचपेपर, सोल्युशन, पॅच आणि छोटा पंप, एवढं सीटखालच्या पाउचमध्ये मावतं. सोल्युशन लावल्या लावल्या पॅच चिकटवायचा नाही, चार-पाच मिनिटं वाळू द्या, हाताला ओलं लागायचं बंद झालं की मग दाबा. उन्हाळ्यात सायकल पत्र्याच्या शेडबाहेर रणरणत्या उन्हात उभी राहिली की अर्धवट वाळलेले पॅच उखडतात, म्हणून सावलीची जागा वॉचमन काकांशी बोलून आधीच पक्की करून ठेवा. रस्त्यात पॅच मारत बसायचं नसेल तर एक ट्यूब जास्तीची ठेवा, ट्यूब बदला, घरी जाऊन पॅच मारा. जुनी ट्यूब कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मधे पट्टीसारखी टाकतात, सायकल थोडी जड चालते पण बारीक काटे अडतात. मोटारसायकलसारखा वॉल असेल तर पंक्चर बुजवणारं जेलही टाकता येतं. हवा किती मारायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, तेवढीच. कमी हवेवर चालवली की रिंग दगडावर आपटून ट्यूब दोन ठिकाणी फाटते, पंक्चरपेक्षा वाईट.

पावसाळ्याचं थोडक्यात, काळ्या मातीच्या रस्त्याने जाऊ नका. गावाकडून येणाऱ्यांना माहीतच आहे, दहा पावलांत मडगार्डमध्ये माती अशी ठासते की चाक फिरत नाही आणि मग सायकल खांद्यावर. लांबचा असला तरी डांबरी धरा. ओल्या रिंगवर ब्रेक उशिरा लागतो, आधी हलका दाबून पाणी पुसून घ्या, मग जोरात.

कामावर पोहोचल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलू नका, घाम चालूच राहतो आणि नवा शर्टही ओला. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, ओल्या नॅपकिनने अंग पुसा, मग शर्ट. शर्ट गुंडाळून आणा, घडी घालून आणला तर बरोबर पोटावर रेघ पडते. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. आणि डब्यात शेवभाजी न्यायची असेल तर शेव आणि रस्सा वेगवेगळे न्या, खड्ड्यातून तर्री बाहेर आली की बॅगेतल्या सगळ्या कागदांना महिनाभर वास येतो. वांग्याचं भरीत मात्र सायकलवर एक नंबर, सांडत नाही काही नाही.

पहिले काही दिवस लोक विचारतीलच, काय भो, गाडी विकली का, पेट्रोल परवडत नाही का. हसून सोडून द्या, पंधरा दिवसांनी तेच विचारतात कितीला घेतली.

हां, सायकल कोणती ते राहिलंच. साधी बिनगिअरची, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड असलेली, जुनी मिळाली तरी चालेल, फक्त घेताना चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या गुटक्यांकडे बघा, चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर आऊट काढायचा खर्च धरून भाव करा. सीट एवढी वर घ्या की पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ होईल, आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणतात. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालू नका, आपल्या धुळीत त्याचा काळा लगदा होतो. आधी फडक्याने चेन पुसा, मग शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब, पायडल उलटं फिरवा आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून टाका, नाही तर सोमवारी पॅन्टला लागलंच समजा.