डेव्हलपर गटाची साइट सुरू करण्याआधी

आधी बघा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे. आमच्या जुन्या गटाचं डोमेन एका मित्राच्या खासगी इमेलवर आणि त्याच्याच कार्डावर घेतलेलं होतं. त्याने नोकरी बदलली, नंबर बदलला, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना कोणीही न उघडणाऱ्या इनबॉक्सात पडत राहिल्या. डोमेन गेलं. जुन्या मीटअपच्या सगळ्या लिंक मेल्या, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. म्हणून गटाचा स्वतंत्र इमेल काढा, खात्याचा ताबा किमान दोघांकडे ठेवा आणि टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचे) बॅकअप कोड छापून दोन वेगळ्या घरांत ठेवा. ऑटो-रिन्यू लावलंत तरी कार्डाची मुदत कॅलेंडरवर टाका. शेवटी .भारत असलेलं देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतंय, हौसेने घ्या. पण नेहमीच्या डोमेनच्या जोडीला.

होस्टिंगवर, म्हणजे साइट कुठे ठेवायची यावर, आठवडे घालवू नका. कार्यक्रम, वक्ते आणि स्लाइड एवढंच असेल तर स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार पानांची, साइट पुरते. गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेच्या १ जीबीत ते आरामात मावतं. व्हिडिओ तेवढे बाहेर ठेवा. स्वतःचा सर्व्हर असेल तर कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या सर्टिफिकेटवर लक्ष ठेवणारं काहीतरी लावाच, कारण ही सर्टिफिकेटं फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची मेल पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलंय. जुनी साइट हलवत असाल तर डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणा आणि जुन्या पत्त्यांना ३०१ लावा, म्हणजे ते कायमचे नव्या पत्त्याकडे वळतील.

मराठी मजकुराला मात्र वेळ द्या. इथे बहुतेक गट घाई करतात. पानाच्या लँग (lang) ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या कोडमधल्या खुणेत, ‘mr’ लिहा. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हिंदीचे नाही. इंग्रजी मथळ्यासाठी लावलेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मराठीवर तसंच राहिलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर खालचे उकार कापले जातात. मग ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘कर्तृत्व’ हे तीन शब्द जुन्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. ऱ्या नीट जुळला, ॲच्या जागी चौकोन आला नाही, की फॉन्ट पास.

आचारसंहिता नुसती चिकटवू नका. तक्रार कोणाकडे करायची ते दोन नावांनिशी लिहा, त्यात एक तरी बाई असू द्या. फोटो टाकण्याआधी त्यातल्या माणसांना विचारा.

शुक्रवारी रात्री काही सुरू करू नका. मंगळवारी सकाळी करा, दोघं जण दिवसभर मोकळे असताना. त्याआधी, कधीच मीटअपला न आलेल्या एखाद्या सेकंड इयरच्या मुलीला तिच्याच फोनवर, वायफाय बंद करून साइट उघडायला सांगा. पुढची भेट कधी, कुठे, पैसे लागतात का, एवढं तिने शोधायचं. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. तिचं बोट जिथे थबकेल ती जागा लिहून घ्या आणि त्याच रात्री दुरुस्त करा.