गीतकारावरच्या संगीत नाटकाची ऑडिशन: इंदूरच्या नवख्यांसाठी

"नवीन संगीत नाटक बसवतोय, गाता येणाऱ्यांनी रविवारी ऑडिशनला यावं." इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा निरोप पडला की नवख्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाणं कुठलं म्हणू? मी अशा ऑडिशन दिल्या आहेत आणि पुढे दिग्दर्शकाच्या शेजारी बसून घेतल्याही आहेत. गेल्या खेपेचं आमचं नाटक एका गीतकार जोडप्याचं होतं. साठच्या दशकातलं इंदूर, गिरणीतला एक कारकून चाली बांधतो, बायको शब्द लिहिते, त्यांची गाणी रेडिओवर दुसरेच गातात, आणि बऱ्याच वर्षांनी तो स्वतः माइकपुढे येतो. गोष्ट काल्पनिक, गाणी सगळी नवीन. ऑडिशनला आलेल्यांमध्ये गळ्याची तयारी असलेले खूप होते. तरी निवड करताना आमची दमछाक झाली, कारण या जातीच्या नाटकाला काय लागतं याची कल्पना फार थोड्यांना होती. ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आपल्या संगीत नाटकाची घडण वेगळी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे 1880 पासून, पद येतं ते भावना बोलण्यात मावेनाशी झाली की. पात्र गातं, पण आपण गातोय हे त्या पात्राला माहीत नसतं. गीतकारावरच्या नाटकात मात्र गाणं हे त्या माणसाचं काम असतं. समोर पेटी आहे, कागद आहे, उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे आणि दुसरी ओळ जुळत नाहीये. प्रेक्षकाला पूर्ण झालेलं गाणं शेवटी एकदाच ऐकायला मिळतं, त्याआधी ते तुकड्यातुकड्याने घडताना दिसतं. म्हणून इथे तुमच्याकडून हवं असतं ते अजून न झालेलं गाणं गाऊन दाखवणं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, 2014 साली आलेलं 'ब्यूटिफुल' हे अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगच्या आयुष्यावरचं संगीतक या प्रकाराचं चांगलं उदाहरण आहे. ब्रुकलिनमध्ये वाढलेली ही मुलगी विशीच्या आतच गाणी विकायला लागली. चाल तिची, शब्द नवरा जेरी गॉफिनचे. ब्रॉडवे रस्त्यावरच्या 1650 क्रमांकाच्या इमारतीत प्रकाशकाने दिलेल्या लहानशा खोलीत पियानोशी बसून दोघं रोज गाणी पाडत, शेजारच्या खोलीत दुसरी जोडी तेच करत असे. 1961 च्या सुरुवातीला त्यांचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ते गायलं होतं शिरेल्स या चार मुलींच्या गटाने. कॅरोल स्वतःच्या आवाजात खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोचली ती 1971 च्या 'टॅपेस्ट्री' या अल्बममुळे, लग्न मोडल्यानंतर. या भूमिकेसाठी जेसी म्यूलरला टोनी हा ब्रॉडवेवरच्या नाटकांसाठीचा पुरस्कार मिळाला. भूमिकेची मागणी नीट बघा: दुसऱ्यांसाठी गाणी करणारी बाई नाटकाच्या पूर्वार्धात बहुतेक वेळ गायिका म्हणून उभीच राहत नाही. ती चाल समजावून सांगण्यापुरतं गाते. तिथेच जर अभिनेत्रीने सगळा आवाज लावून टाकला, तर उत्तरार्धात तिच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही.

इतक्या लांब जायला नको असेल तर गदिमा आणि बाबूजी आठवा. 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचं आठवड्याला एक नवं गाणं जात होतं, अशी छप्पन्न गाणी झाली. आज आपण ती देवघरात ऐकावीत तशी ऐकतो. पण ज्या आठवड्यात ती होत होती तेव्हा तिथे घड्याळ होतं, वाट बघणारा वादकांचा ताफा होता आणि रिकामा कागद होता. गीतकाराच्या भूमिकेसाठी ऑडिशनला येणाऱ्याच्या अंगात ही घाई थोडी तरी दिसायला हवी.

आमच्या ऑडिशनला एक तरुण आला होता. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेला, आवाज सुरेल, तानेला धार. त्याने भावगीत म्हटलं, आम्ही माना डोलावल्या. मग दिग्दर्शक म्हणाले, "आता हीच पहिली ओळ तुम्हाला आत्ता, या खोलीत सुचतेय असं करा." त्याने डोळे मिटले आणि तीच ओळ तितक्याच सफाईने, जरा हळू म्हटली. त्याच्यानंतर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. आवाज साधा, वरच्या षड्जाला थोडा पातळ होणारा. त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी आधी शब्दच घेतले नाहीत. "ना ना नाना" असं ओठातल्या ओठात सुरू केलं, अंगठा बोटांच्या पेरांवरून मात्रा मोजत फिरत होता. समेवर येऊन त्या थांबल्या, मान हलवली, पुन्हा मागून आल्या आणि या वेळी ओळ पंचमावर न सोडता खाली कोमल गंधारावर आणून ठेवली. मग पहिला शब्द घातला. तो मात्रेत बसेना, म्हणून एक अक्षर खाल्लं. तबल्यावर बसलेल्या आमच्या मित्राने न सांगता ठेका धरला. शब्द लिहिणाऱ्या बायकोची भूमिका त्यांना मिळाली. त्या तरुणाला रेडिओवरच्या नावाजलेल्या गायकाची भूमिका मिळाली, आणि ती त्याला शोभलीही, कारण त्या पात्राला हातात आलेलं तयार गाणं देखणं करून गायचं होतं.

घरी याचा सराव करता येतो. पाठ असलेलं एक गाणं घ्या आणि त्याचा मुखडा तीन अवस्थांमध्ये म्हणा. आधी नुसती चाल, शब्दांशिवाय. मग चालीवर अर्धवट, चुकीचे, भरतीचे शब्द. शेवटी खरे शब्द, पण दर शब्द आधी मनात शोधून. पेटी येत असेल तर एका हाताने सूर धरून करा. गाताना भाता मारणं, थांबणं, पेटीच्या पट्टीवर नुसतं बोट ठेवून ऐकणं, या हालचाली अंगात बसलेल्या असल्या की निम्मा अभिनय आपोआप होतो. पेटी अजिबात येत नसेल तर तसं आधीच सांगा. वाजवण्याचा खोटा अभिनय पहिल्या रांगेतून लगेच ओळखू येतो आणि दिग्दर्शकाला वेळीच माहीत असेल तर प्रवेशाची बैठकच तशी बसवता येते.

आता गाण्याची निवड. मुखडा आणि एक अंतरा, एवढंच तयार करा, त्याहून जास्त कुणी ऐकत नाही. ब्रॉडवेकडेही सोळा किंवा बत्तीस बारचा (बार म्हणजे ताल मोजायचा छोटा भाग) तुकडाच मागतात. बोलल्यासारखे शब्द असलेलं गाणं घ्या, ज्यात कुणीतरी कुणाला काही सांगतंय. 'शुक्रतारा' कृपा करून टाळा. अरुण दाते इंदूरचे, पाडगावकरांचे शब्द आणि खळ्यांची चाल इथल्या प्रत्येक मराठी घरात मुरलेली, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात तुमच्या आवाजाच्या वर दात्यांचा आवाज वाजत राहतो. तेच लताबाईंच्या प्रसिद्ध गाण्यांचं. त्यांचा जन्म इंदूरचा याचा आपल्याला अभिमान आहेच, पण ऑडिशनच्या खोलीत ती तुलना तुम्हाला कशाला हवी? कमी ऐकलेलं, मध्यम लयीचं, तुमच्या गळ्याच्या मधल्या भागात बसणारं गाणं शोधा. नाट्यपद म्हणायचंच असेल तर आलाप-ताना काढून बंदिश सरळ म्हणा.

मोबाइलवरचा कराओके ट्रॅक आणू नका, असं मी आग्रहाने सांगते. ट्रॅक थांबत नाही, आणि या ऑडिशनमध्ये तुम्हाला थांबवलंच जाणार आहे. "इथून परत", "दुप्पट हळू", "रागावून म्हणा" हे सगळं ट्रॅकवर होत नाही. तानपुऱ्याचं अॅप पुरे. आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर आपण सा धरतो ते, मात्र नक्की माहीत असू द्या. पेटीवाला "पट्टी?" म्हणतो तेव्हा "काळी चार" किंवा "पांढरी दोन" असं उत्तर लगेच यायला हवं. संगीतकाराला त्यावरूनच कळतं की कुठली युगुलगीतं कुणाला द्यायची. पुरुष काळी एकमध्ये आणि बाई काळी चारमध्ये गाणारी असेल तर दोघांना एका गाण्यात आणायला त्याला मध्यमाचा आधार (बाईचा म तोच पुरुषाचा सा) घ्यावा लागतो किंवा मधेच पट्टी बदलावी लागते. कुणाचा आवाज खाली-वर किती जातो हे त्यासाठी त्याला त्याच दिवशी हवं असतं.

कोरसबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नव्यांना कोरस म्हणजे कमीपणा वाटतो. अशा नाटकात रेडिओचे गायक, रेकॉर्डिंगच्या वेळचा ताफा, शेजारच्या खोलीतली प्रतिस्पर्धी जोडी, सगळे कोरसमधून येतात. पूर्ण झालेली गाणी सर्वांत जास्त त्यांच्या वाट्याला येतात. आणि अवघड काम तेच आहे, कारण आपल्याला एकसुरात गायची सवय. एकाने षड्ज धरायचा, दुसऱ्याने गंधार, तिसऱ्याने पंचम, आणि शेजारचा ज्या सुरावर आहे तिकडे घसरायचं नाही, हे चांगल्या चांगल्या गायकांना जमत नाही. ऑडिशनमध्ये आम्ही हे तपासतो: पेटीवर सा वाजत राहतो, एक जण सा रे ग म म्हणतो, तुम्ही त्याच वेळी ग म प ध म्हणायचं. घरात कुणी गाणारं असेल तर रोज थोडा वेळ हे करा. एकटे असाल तर स्वतःचा सा रे ग म मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावर ग म प ध म्हणा. ज्यांना हे जमतं त्यांना जवळजवळ नेहमीच घेतात.

उच्चारांचं आपल्या इंदूरकरांना वेगळं बघावं लागतं. देवनागरी वाचायची अडचण आपल्या मुलांना नाही, हिंदीमुळे ती सरसर वाचतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ लिहायला एकच, म्हणायला वेगळा. 'चांदणं'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळे. हिंदीच्या सवयीने सगळे एकसारखे म्हटले जातात, ळ चा ल होतो, ण चा न होतो. बोलण्यात ते खपून जातं, गाण्यात अक्षर लांबलं की उघडं पडतं. गाण्याचे शब्द घरातल्या आजी-आजोबांना, काका-मावशींना वाचून दाखवा आणि त्यांनी दुरुस्त केलेलं पेन्सिलीने खुणा करून ठेवा. आमचं नाटक इंदूरचंच होतं, तेव्हा संवादात "तू येऊन राहिला का" सारखी इथली मराठी मुद्दाम ठेवली होती. ती लाजत बोलू नका, ती त्या माणसांची भाषा आहे. गाण्याचे शब्द मात्र स्वच्छ हवेत, कारण गीतकार असलेलं पात्र शब्दाला जपणारं आहे.

गाणं झालं की वाचन. संहितेचं एक पान हातात देतात, समोर दुसरा उमेदवार. पाठ करायची अपेक्षा नसते. आमच्याकडे प्रवेश होता तो एका शब्दावरून होणाऱ्या भांडणाचा: बायको म्हणते हाच शब्द राहील, नवरा म्हणतो चालीत बसत नाही. बहुतेकांनी भांडण मोठ्या आवाजात वाजवलं. ज्यांनी समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकून मग उत्तर दिलं त्यांच्याकडे लक्ष गेलं. दोघंही बरोबर आहेत आणि दोघांना गाणं चांगलंच व्हायला हवंय, हे धरून वाचलं की प्रवेश उभा राहतो.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. हौशी नाटकात मानधन नसतं, उलट वर्गणी असू शकते, ते आधी विचारून घ्या. तालमी नोकऱ्या सांभाळून रात्री, कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात होतात. परीक्षा, लग्नकार्य, बदलीची शक्यता, सगळ्या तारखा फॉर्मवरच लिहा. प्रयोग रवींद्र नाट्यगृहासारख्या मोठ्या जागी असेल तर प्रत्येकाला कॉलर माइक मिळेलच असं नाही, म्हणून ऑडिशनमध्येही शेवटच्या भिंतीपर्यंत आवाज जाऊ द्या. इंदूरचा मराठी प्रेक्षक सानंद या इथल्या संस्थेमुळे पुण्या-मुंबईची नाटकं नियमित बघणारा आहे. तो हौशी म्हणून सवलत देत नाही, आणि त्याने देऊही नये असं मला वाटतं.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारतात. बहुतेक जण निकाल कधी लागेल ते विचारतात. तुम्ही संगीतकाराला विचारा की या नाटकात चाल आधी झाली की शब्द आधी. भावगीतात सहसा कविता आधी असते, सिनेमाच्या गाण्यांत बरेचदा चाल. शब्द आधी असतील तर पात्र कवितेचा कागद हातात धरून सूर शोधेल. चाल आधी असेल तर गुणगुणत शब्द शोधेल. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर त्या उत्तराप्रमाणे तयारी करून या, आणि पहिल्या दिवशी म्हटलेलंच गाणं पुन्हा म्हणा. संगीतकाराला तुमच्यात काय बदललं ते ऐकायचं असतं.