एअर फ्रायरमधली फळांची वाटी: पाहुणे येण्याआधीची तयारी

रविवारी रात्री सहा माणसं जेवायला असतील आणि जेवणानंतर प्रत्येकाच्या हातात गरम फळाची, वर कुरकुरीत चुऱ्याचा थर असलेली एकेक वाटी द्यायची असेल, तर शनिवारीच फ्रायरची बास्केट ओट्यावर काढा आणि तिच्यात रिकाम्या वाट्या लावून बघा. फळं आणायच्या आधी हे करायचं, कारण फळ किती आणायचं ते वाट्यांवर ठरतं. मध्यम आकाराच्या चौकोनी बास्केटमध्ये नऊ सेंटिमीटर तोंडाच्या चार वाट्या बसतात, गोल बास्केटमध्ये बहुधा तीनच. वाट्यांमध्ये बोटभर फट हवी, गरम हवा तिथूनच खाली उतरते. उंचीही तपासा. तापणारी कॉइल वर असते आणि तिच्यावर पंखा. वाटीचा काठ आणि कॉइल यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर नसेल, तर वरचा थर करपतो आणि खाली फळ कच्चंच राहतं.

वाट्या चिनीमातीच्या असल्या तर उत्तम. बेकिंगला चालतील अशी खूण तळाशी आहे ना, ते उलटी करून बघा. बोरोसिलिकेट काच चालते. पण फ्रिजमधली थंड काच तापलेल्या फ्रायरमध्ये थेट ठेवायची नाही, तडकण्याची भीती असते. रोजच्या आमटीच्या स्टीलच्या वाट्याही छान काम देतात, फक्त स्टील लवकर तापतं, म्हणून दोन मिनिटं कमी धरायची. मेलामाइन आणि प्लॅस्टिक अजिबात नाही. ओपल काचेच्या वाट्या मायक्रोवेव्हला चालतात म्हणून इथेही चालतील असं समजू नका, तळाची खूण काय म्हणते तेच खरं. दीडशे मिलिलिटरची वाटी एका माणसाला पुरेशी होते. जेवणावर हे खायचंय हे लक्षात ठेवा आणि मोठ्या वाटीचा मोह टाळा.

बास्केट काढलीच आहे तर हुंगून बघा. आदल्या आठवड्यात तिच्यात सुरमई किंवा लसूण लावलेले बटाटे झाले असतील, तर तो वास जाळीच्या खाली आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यात लपलेला असतो. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास भिजवा, मऊ स्पंजने घासा, पुसून उघडीच वाळू द्या. फळ आणि लोणी दोन्ही आजूबाजूचा वास पटकन धरतात, त्यामुळे ही पायरी गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

आता फळ. ह्या सगळ्या तयारीत खरं सांभाळायचं असतं ते फळाचं पाणी. फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. ती वरून झपाट्याने कोरडं करते, वाटीच्या आत मात्र फळ स्वतःच्या रसात शिजत असतं. रस जास्त झाला की वरचा कुरकुरीत थर खालून भिजून लगदा होतो, कमी पडला की फळ चिवट लागतं. म्हणून बाजारात फळ हातात घेताना गोडीबरोबर पाण्याचाही विचार करा.

पहिल्यांदा करत असाल तर सफरचंद घ्या. ऑगस्टनंतर हिमाचल आणि काश्मीरचा नवा माल येतो, तेव्हाचं घट्ट, किंचित आंबट सफरचंद सगळ्यात भरवशाचं. गडद लाल, गोड आणि जुनं झालेलं सफरचंद भाजलं की पिठूळ होतं. दोन लाल आणि एक हिरवं असं मिसळलं तर चव आणि पोत दोन्ही सांभाळले जातात. नासपती जरा कडकच घ्या. जून-जुलैत पीच आणि आलुबुखार मिळतात, त्यांचा आंबटपणा गरम झाल्यावर खुलतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळाभर असते, पण तिच्यात पाणी फार, तिच्याबद्दल पुढे सांगते. अननस भाजायला फार चांगला. कच्चा अननस दुधात किंवा दह्यात घातला तर त्यातल्या ब्रोमेलिन नावाच्या एन्झाइममुळे काही वेळाने कडू लागतो. नीट शिजवला की ते एन्झाइम निष्प्रभ होतं, मग वर आइस्क्रीम बिनधास्त घाला. तेही तुकडा आतपर्यंत गरम झाला असेल तरच, म्हणून अननसाच्या फोडी छोट्या हव्यात.

हापूस मात्र भाजायला घेऊ नका. जो आंबा नुसता कापून ताटलीत ठेवला तरी पाहुणे खूश होतात, त्याला उष्णता देऊन मिळवायचं काय? आंबाच हवा असेल तर घट्ट, आंबटगोड तोतापुरी घ्या. कोकणात किंवा वसईकडे राहणाऱ्यांना राजेळी केळी मिळत असतील, तर त्यांच्यासारखं सोपं काही नाही. पिकलेलं केळं उभं चिरायचं, वाटीत बसेल असे तुकडे करायचे, वर चमचाभर तूप, थोडा गूळ, ओलं खोबरं आणि वेलची, आणि 180 अंशांवर आठ मिनिटं. ज्या केळ्यांची सुकेळी होतात तीच ही, त्यामुळे आच लागूनही आकार सोडत नाहीत. पुरंदरची ताजी अंजिरं मिळाली तर तीही अशीच, वरच्या थराशिवाय करा. देठाकडून चार भाग करायचे, पण तळाशी जोडलेले ठेवायचे, मधे मधाचा थेंब आणि अक्रोडाचा तुकडा.

चार वाट्यांना सोलून, बी काढून चारशे ग्रॅम फळ लागतं, म्हणजे मध्यम आकाराची तीन सफरचंदं. सहा वाट्यांना साडेचार, पण पाचच आणा. चारशे ग्रॅम सफरचंदाला दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस, पाव चमचा दालचिनी आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर. फोडी एक सेंटिमीटरच्या, शक्यतो सारख्या. स्ट्रॉबेरीला कॉर्नफ्लोअर दुप्पट. तिला आधी साखर लावून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी पातेलीत गाळून घ्या आणि निम्मं होईपर्यंत आटवा. मग तो दाट रस परत फळावर घाला. स्वाद वाया जात नाही आणि वाटीत तळंही साचत नाही.

वरच्या थराला क्रंबल म्हणतात. ब्रिटनमध्ये घरोघरी होतो, आणि ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या पेस्ट्रीसारखी पोळी लाटावी लागत नाही म्हणून आपल्याला सोयीचा. चार वाट्यांना साठ ग्रॅम गव्हाचं पीठ, तीस ग्रॅम ओट्स, चाळीस ग्रॅम साखर किंवा गुळाची पावडर, पंचेचाळीस ग्रॅम लोणी आणि दोन चमचे भरड कुटलेले बदाम. बाजारचं पिवळं लोणी खारट असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. पांढरं बिनमिठाचं असेल तर चिमूटभर घाला. तुपात करायचं असेल तर प्रमाण बदलतं. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी, तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून पंचेचाळीस ग्रॅम लोण्याच्या जागी छत्तीस ग्रॅम तूप आणि एक छोटा चमचा थंड दूध. तूप घट्ट, थिजलेलं घ्या.

लोणी फ्रिजमधून काढून लगेच छोटे तुकडे करा आणि पिठात टाकून बोटांच्या टोकांनी चोळा. करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसंच, फरक एवढाच की इथे मोहन थंड असतं आणि थंडच राहायला हवं. तळहात लावू नका, तळहाताची ऊब लोणी वितळवते. दोन-तीन मिनिटांत पीठ ओलसर रव्यासारखं दिसू लागेल. मूठभर घेऊन दाबा. मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर अर्धा चमचा लोणी अजून, आणि फुटायच्या ऐवजी दबला तर डबा पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. शेवटी ओट्स आणि बदाम मिसळून मुद्दाम हरभऱ्याएवढ्या गाठी करा. ह्या गाठींना फ्रायरमध्ये फार महत्त्व आहे, कारण आतला पंखा जोरात फिरतो आणि सुटा चुरा, विशेषतः सुटे ओट्स, उडून कॉइलपर्यंत जातात. हा चुरा शनिवारी रात्री करून झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभरही टिकतो, आणि वापरताना वितळवायचा नाही, गोठलेलाच पसरायचा.

एकेक वाटी वेगळी असण्याचा खरा फायदा पाहुण्यांची यादी समोर घेतल्यावर कळतो. कोणाला साखर चालत नाही, कोणाला सुकामेवा सोसत नाही, कोणी अंडं खात नाही, कोणाचा उपास. मोठ्या ट्रेमध्ये ह्या सगळ्यांचं जमवता येत नाही, वाट्यांत येतं. इथे अंडं मुळातच नाही. साखर न खाणाऱ्यासाठी फळावर साखर घालू नका, वर चुऱ्याऐवजी भाजलेले बदाम आणि दालचिनी. फळाची स्वतःची साखर असतेच, हे त्यांना आणि घरच्यांना ठाऊक असू द्या. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम न घातलेला चुरा वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्याने, आणि ती वाटी पहिल्या घाण्यात एकटीच भाजा. एकाच हवेत उडालेला बदामाचा कण दुसऱ्या वाटीत पडू शकतो.

उपासाची वाटी करायची तर कॉर्नफ्लोअर, गहू, ओट्स सगळं बाजूला. पन्नास ग्रॅम राजगिऱ्याचं पीठ, तीस ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, तीस ग्रॅम गूळ आणि तीस ग्रॅम तूप असा चुरा करा. फळाचा रस दाट व्हायला चमचाभर शिंगाड्याचं पीठ. दालचिनी काही घरांत उपासाला चालते, काही घरांत नाही, तेव्हा वेलचीच घाला. राजगिरा गव्हापेक्षा लवकर रंग घेतो, म्हणून 150 अंश आणि दर तीन मिनिटांनी डोकावणं. ज्या घरी उपास कडक असतो तिथे बास्केटला मांसाहार लागलेला आहे का हेही विचारलं जातं. विचारायच्या आधीच सांगून टाका.

रविवारी सकाळी फळ चिरून त्याला लिंबू, साखर, कॉर्नफ्लोअर लावून, झाकण घालून कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता. फोड सुरीने टोचली तर आत जावी, पण मोडू नये. पूर्ण गार करून वाट्यांत पाऊण उंचीपर्यंतच भरा. वर चुरा यायचाय आणि रस उसळून काठाबाहेर येतो. हे आधी परतून घेणं एअर फ्रायरला फार उपयोगी, नाहीतर वरचा थर आठ मिनिटांत लाल होतो आणि सफरचंद अजून टणकच असतं. भरलेल्या वाट्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि भाजायच्या तासभर आधी आठवणीने बाहेर काढा.

जागाही सकाळीच ठरवा. फ्रायर भिंतीला चिकटवू नका, मागून गरम हवा बाहेर येते, वीतभर जागा सोडा. 1500 वॉटचं यंत्र 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतं, म्हणून मोठ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि त्याच वेळी त्याच बोर्डावर मिक्सर किंवा किटलीही नको. जवळ जाड नॅपकिन, सांडशी आणि वाट्या उतरवायला लाकडी पाट. सांडशी स्टीलच्या वाटीला ठीक, चिनीमातीच्या गुळगुळीत काठावरून ती घसरते, तिथे दोन्ही हातांत सिलिकॉनचे हातमोजेच हवेत. बटर पेपर वापरणार असाल तर वाटीच्या बुडाएवढाच कापा. रिकामा, सुटा कागद किंवा फॉइल आत ठेवून फ्रायर तापवायचा नाही, पंख्याने उडून ते कॉइलला चिकटतं.

पाहुणे जेवायला बसले, भात वाढून झाला की फ्रायर 160 अंशांवर तीन मिनिटं तापवा. ओव्हनची कृती वापरत असाल तर तिथल्या तापमानातून वीस अंश कमी करा. काचेच्या वाट्या असतील तर हे आधी तापवणं सोडून द्या. फ्रीजरमधला चुरा वाटीवर घाला, चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा आणि बारा मिनिटं लावा. आठव्या मिनिटाला उघडून वाट्यांच्या जागा बदला, कारण बहुतेक फ्रायरमध्ये मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते.

झालं की नाही ते घड्याळापेक्षा काठाला कळतं. चुरा बिस्किटाच्या रंगाचा झाला असेल, आणि त्याच्या कडेने रस वर येऊन फुटत असेल. सुरुवातीचे बुडबुडे पातळ, पटापट फुटणारे असतात. कॉर्नफ्लोअर शिजलं की ते जड होतात, सावकाश फुगतात आणि फुटल्यावर जागेवर चकचकीत डाग ठेवतात. तो डाग दिसला की बाहेर काढा. रंग आला पण डाग नाही, तर 140 अंशांवर अजून तीन मिनिटं.

दुसऱ्या घाण्याची चिंता नको. पहिल्या चार वाट्यांना तसंही दहा मिनिटं थांबावंच लागतं. उकळत्या साखरेचा रस जीभ पोळतो, मुलांच्या हातात तर लगेच देऊच नका. तोवर उरलेल्या दोन होतात. वर व्हॅनिला आइस्क्रीम घालायचं असेल तर गोळे आधीच ताटलीत काढून फ्रीजरमध्ये ठेवा. त्यापेक्षा मला थंड चक्का जास्त आवडतो, दोन चमचे मध घालून फेटलेला. सफरचंदाच्या गोडाला तो आंबटपणा हवासा वाटतो. राजेळीच्या वाटीवर आणि उपासाच्या वाटीवर घट्ट नारळाचं दूध.

सगळ्यांच्या हातात वाट्या गेल्या की बास्केट गार होण्याआधीच, पण हात लावता येईल इतकी कोमट असताना तिच्यात गरम पाणी ओता. सांडलेला पाक त्यात वीस मिनिटांत सुटतो, रात्रभर राहिला तर काचेसारखा घट्ट होऊन बसतो आणि घासताना जाळीचा लेप निघतो.