एमर्सन-थोरो वाचून, गल्लीत राहूनच स्वतःच्या मतानं कसं वागायचं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत कुठल्या गल्लीचे, पाहुणे कुठले, मराठी शाळेत होता की कन्नड, मंडळ कुठलं, सगळं विचारून होतं. त्यात प्रेम पण असतं, नाही असं नाही. पण पंचवीस वर्षांच्या पोरानं कुठं नोकरी करायची, लग्नात किती खर्च करायचा, १ नोव्हेंबरला (कर्नाटकचा राज्योत्सव, इथल्या मराठी संघटनांचा काळा दिवस) कुणाच्या बाजूनं बोलायचं हे सगळं आधीच ठरलेलं असतं आणि त्याला कुणी विचारलेलंच नसतं. ज्यांना आतून घुसमट होते पण घर तोडायचं नाही, गाव सोडायचं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी काय वाचायचं ते बघू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गावाच्या आसपास १८३० ते १८५० च्या काळात काही माणसं जमली, राल्फ वाल्डो एमर्सन, हेन्री डेव्हिड थोरो, मार्गारेट फुलर, ब्रॉन्सन अल्कॉट, यांना ट्रान्सेंडेंटलिस्ट म्हणतात, म्हणजे रूढीपेक्षा माणसाच्या आतल्या आवाजाला मोठं मानणारे. सुरुवात एमर्सनच्या 'सेल्फ-रिलायन्स' या १८४१ च्या निबंधापासून करा, त्याच्या 'नेचर'पासून नको, ते १८३६ चं पुस्तक अवघड आहे आणि बरेच जण तिथंच अडकून सोडून देतात. निबंध प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतो. इंग्रजी जुनं आहे म्हणून एका बैठकीत दोनच परिच्छेद घ्या, मोठ्यानं वाचा, आणि वाचून झालं की त्यातलं काय पटलं नाही ते वहीत लिहा. काय पटलं ते लिहू नका, पहिल्या वाचनात तर अजिबात नको, कारण एमर्सनची वाक्यं इतकी जोरकस आहेत की माणूस स्टेटसला लावून मोकळा होतो आणि विचार करायचा राहून जातो. इंग्रजी जमतच नसेल तर थोरोच्या 'वॉल्डन'चा दुर्गा भागवतांनी केलेला मराठी अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' शोधा, गावातल्या वाचनालयात विचारून बघा.

वाचताना एक गोष्ट पक्की धरून चाला. एमर्सन 'स्वतःवर विश्वास ठेव' म्हणतो तेव्हा मनात येईल ते कर असं म्हणत नाही. त्याच्या मते प्रत्येकाच्या आत एकच मोठं चैतन्य आहे, त्याला तो ओव्हर-सोल म्हणतो, आणि माणूस शांत होऊन खरं ऐकतो तेव्हा ते बोलतं. म्हणून तो आवाज एका माणसाचा असला तरी खाजगी हट्ट नसतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आपल्या तुकोबांनी 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' म्हणून ठेवलंय, आणि एमर्सन-थोरो दोघांनी गीता वाचलेली होती, थोरोनं तर वॉल्डनमध्ये तसं लिहूनच ठेवलंय.

आता वागायचं कसं. माझ्या मते सगळ्यात चांगला धडा एमर्सनच्या निबंधात नाही, १८३२ सालात आहे. तो बोस्टनच्या सेकंड चर्चमध्ये पाद्री होता, पगार चांगला, मान मोठा, आणि आदल्याच वर्षी त्याची पहिली बायको एलन क्षयानं गेलेली. चर्चमध्ये भाकरी आणि वाइनचा प्रभुभोजनाचा विधी त्याला मनापासून करवेना. त्यानं काय केलं बघा. आधी मंडळींना सांगितलं की हा विधी असाच्या असा माझ्यानं होत नाही, बदल करू या का. त्यांनी नाही म्हटलं. मग त्यानं प्रवचनातून आपली कारणं नीट मांडली, कुणाला नावं ठेवली नाहीत, तुम्हीही करू नका असं सुद्धा म्हटलं नाही, आणि राजीनामा दिला. हा क्रम पाठ करा. आधी स्वतःशी खात्री, मग संबंधित माणसांना तोंडावर सांगणं, मग मधला रस्ता सुचवणं, आणि तो नाकारला गेला तर त्याची किंमत आपण स्वतः मोजणं. आपल्याकडं लोक पहिल्या तीन पायऱ्या गाळून डायरेक्ट भांडणावर येतात, किंवा आयुष्यभर कुढत बसतात.

समजा घरात ठरलंय की तुम्ही पुण्याला किंवा बेंगळुरूला कंपनीत जायचं आणि तुम्हाला येळ्ळूर बाजूला घरच्या शेतात भात आणि रताळी करायची आहेत. काका दारातच विचारणार, "एवढं शिकून शेतात काय करूलालास?" तिथं एमर्सनचं वाक्य फेकू नका. "काका, तुमचा जीव तुटतोय ते कळतंय मला, पण दोन हंगाम मला बघू द्या, हिशोब मी तुमच्यासमोर ठेवतो," असं म्हणा, आणि खरंच ठेवा. एमर्सन म्हणतो की जगात राहून जगाच्या मतानं चालणं सोपं, एकांतात आपल्या मतानं चालणं पण सोपं, मोठा माणूस तो जो गर्दीत राहून गोडीनं एकांतातलं स्वातंत्र्य राखतो. त्यातलं 'गोडीनं' सोडू नका.

हिशोबाचं थोरोकडून शिका. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, जमीन एमर्सनची होती, खोली दहा फूट बाय पंधरा फूट, आणि तिला एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट लागले हे त्यानं फळ्या, खिळे, चुना असं आयटमवार छापलंय. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. तो काही हिमालयात गेला नव्हता, काँकॉर्ड चालत जायच्या अंतरावर होतं, गावात जायचा, लोक भेटायला यायचे. त्याचा मुद्दा असा की वस्तूची किंमत म्हणजे तिच्यासाठी द्यावं लागलेलं आयुष्य. हे वहीत करून बघा. महिन्याला ५,००० रुपये शिल्लक पडत असतील आणि गल्लीत सगळ्यांकडं आहे म्हणून १,२०,००० ची गाडी घ्यायची असेल, तर ते चोवीस महिने झाले, व्याज वेगळं. मग समोर लिहा, ही गाडी मला पाहिजे की गल्लीला? कामाला लागत असेल तर खुशाल घ्या, थोरो गाडीच्या विरोधात नाही, न विचारता घेण्याच्या विरोधात आहे. लग्नाचा हॉल, जेवणावळ, आहेर, सगळं ह्याच पद्धतीनं मांडता येतं, आणि घरच्यांसोबत मांडलं तर आईलाच आधी पटतं असं मी बऱ्याच घरांत बघितलंय.

रोज थोडा वेळ एकटं चालणं पाहिजे, फोन घरी ठेवून. थोरो दिवसाला चार तास तरी चालायचा, आपल्याला अर्धा-पाऊण तास पुरे. सकाळी किल्ला तलावाला फेरी मारा, रविवारी राजहंसगड चढा, खानापूरचे असाल तर जांबोटीच्या रानाकडं जा. हेतू एवढाच की दुसऱ्याचं मत कानावर पडायच्या आत आपलं मत काय आहे ते सापडावं.

सीमाभागात एक गोष्ट जास्त जड जाते, ती म्हणजे मराठी की कन्नड ही बाजू. मराठीवर माझं प्रेम आहे, मराठी शाळा टिकाव्यात हे मी मनापासून म्हणतो, आणि बसवण्णांची, अक्कमहादेवींची कन्नड वचनं पण वाचतो, मला दोन्ही माझंच वाटतं. दोन्हीकडच्या लोकांना हे खटकतं. पण ज्या माणसाची मतं त्याच्या गटाचं नाव ऐकूनच आधी सांगता येतात त्याच्याबद्दल एमर्सननं फार कडक लिहिलंय, ते पान आपल्या भागात प्रत्येकानं वाचावं. आणि कालचं मत आज चुकीचं वाटलं तर सरळ बदला, मूर्ख सातत्य हे लहान मनांचं भूत आहे असं तोच म्हणतो.

त्याचं सगळं मात्र गिळू नका. गरिबांना मदत करण्याबद्दल त्यानं 'ते माझे गरीब आहेत का' असं विचारलंय, ते मला आजही पटत नाही. पहिल्या बायकोच्या वारशातून त्याला मिळकत होती, हातावर पोट असलेल्या माणसाला एवढं मोकळं बोलता येत नाही. घरात सगळ्यांचं बघून मग स्वतःचं बघणाऱ्या बाईला तर अजिबात नाही, म्हणून मार्गारेट फुलर वाचाच. तिचं १८४५ चं पुस्तक बाईच्या स्वतंत्र वाढीबद्दल आहे, आणि ट्रान्सेंडेंटलिस्टांच्या 'डायल' त्रैमासिकाची ती पहिली संपादक होती.

शेवटी थोरोचा १८४९ चा सरकारला विरोध करण्यावरचा निबंध घ्या, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचलेला तोच. गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोशी लढणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून तो जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात राहिला, दुसऱ्याच कुणीतरी कर भरला म्हणून सुटला. हा निबंध एकट्यानं वाचू नका. तुमच्याशी न पटणारा एक जण सोबत घ्या, जमलं तर कन्नड बोलणारा मित्र, आणि दर पानाला थांबून त्याला आधी बोलू द्या.